पोट, चरबी, लोंबती कातडी आणि मेडिक्लेम: बेळगाव सीमाभागातून सारखे येणारे प्रश्न

हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर काम करते त्यामुळं खानापूर, निपाणी, चिकोडीपासून ते पलीकडं चंदगड-गडहिंग्लजपर्यंतचे मेसेज येत असतात. बायका बहुतेक रात्री उशिरा मेसेज करतात आणि शेवटी "घरात कुणाला माहीत नाही" असं असतंच. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, शरीर तुमचं आहे. पैशाचं मात्र ऑपरेशनच्या आधी विचारा, ॲडमिट झाल्यावर नको, कारण तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरत नाही. सारखे सारखे येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत, नंबर घातलेत म्हणजे एकमेकांचा संदर्भ देता येईल.

१. बॉडी कॉन्टूरिंग म्हणजे नक्की कुठलं ऑपरेशन? लायपो आणि टमी टक एकच का?

एक नाही. बॉडी कॉन्टूरिंग हे शरीराचा आकार नीट करायच्या सगळ्या ऑपरेशनांचं मिळून नाव आहे. लायपो म्हणजे बारीक नळी घालून कातडीखालची चरबी ओढून काढणं, त्यात कातडी कापून काढत नाहीत. टमी टक म्हणजे पोटाची जादा कातडी कापायची आणि सैल पडलेले स्नायू आतून शिवून जवळ आणायचे, त्याचा टाका कंबरेच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जातो. नुसती लोंबणारी घडी कापली आणि स्नायूंना हात लावला नाही तर त्याला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात, हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये परत येईल. याशिवाय दंडाचं, मांडीचं, छाती लहान करायचं, पुरुषांच्या वाढलेल्या छातीचं अशी ऑपरेशनं आहेत. पार्लरसारख्या सेंटरमध्ये मशीन लावून करतात ते फॅट फ्रीझिंग ऑपरेशनच नाही, त्यामुळं मेडिक्लेमचा तिथं विषयच येत नाही.

२. लायपो केलं की वजन किती उतरतं?

वजन उतरवायला लायपो नाहीच. एकावेळी ५ लिटरच्या वर काढायचं म्हटलं की धोका वाढतो, मोठं हॉस्पिटल आणि रात्रभर देखरेख लागते. वजन १०० किलो आहे आणि ७० करायचंय म्हणून लायपोचा खर्च विचारत असाल तर आधी प्रश्न ६ वाचा.

३. साधारण खर्च किती येतो? बेळगावात स्वस्त पडतं की पुण्या-बेंगळुरूला?

मोघम सांगते, पक्का आकडा डॉक्टर तपासल्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही. एका भागाचं लायपो ५०-६० हजारापासून दीड लाखापर्यंत, टमी टक सव्वा लाखापासून तीन लाखापर्यंत, पुरुषांच्या छातीचं ५० हजारापासून सव्वा लाखाच्या आसपास, आणि खूप वजन उतरल्यावर कंबरेभोवतीची सगळी कातडी काढायची असेल तर तीन लाखाच्या पुढंच धरून चाला. मोठ्या शहरात वरचा आकडा, इकडं खालचा, एवढाच ढोबळ फरक.

पण नुसता तो आकडा बघून ठरवू नका. पुणं इथून सुमारे ३४० किलोमीटर, बेंगळुरू ५०० च्या घरात. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी गाडीत बसून यायचं असं नसतं, नळ्या असतात, ड्रेसिंग असतंय, आठ-दहा दिवसांनी टाके बघायला परत जावं लागतं, आणि तासन्‌तास पाय लोंबकळत बसून प्रवास केला तर पायात रक्ताची गाठ व्हायची भीती असते. सोबत कुणीतरी पाहिजे, लॉज पाहिजे, त्या माणसाची रजा पाहिजे. हे सगळं धरलं की शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतलं हुबळी किंवा कोल्हापूर, नाहीतर बेळगावातच, बऱ्याच जणांना परवडतं. गोव्याला जाणार असाल तर पावसाळ्यात चोर्ला घाटातून टाके घेऊन येणं म्हणजे हाल, तारीख ठरवताना तेही बघा.

४. कोटेशन दीड लाखाचं दिलं आणि बिल दोन लाखाजवळ गेलं, असं कसं होतंय?

पहिलं कारण जीएसटी. आजारपणाच्या उपचारावर जीएसटी नसतो, पण सौंदर्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीवर १८ टक्के आहे. म्हणजे १,५०,००० वर २७,००० तिथंच चढले, झाले १,७७,०००. जन्मजात दोष, शरीराची नीट न झालेली वाढ, किंवा अपघात-इजा यामुळं बिघडलेला भाग नीट करायचा असेल तर हा जीएसटी लागत नाही.

दुसरं, कोटेशनमध्ये काय काय धरलंय ते कुणी विचारत नाही. सर्जनची फी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्ज, रूम, रक्ताच्या तपासण्या, औषधं, ड्रेसिंग, आणि तो घट्ट बेल्ट किंवा गार्मेंट जो साधारण सहा आठवडे घालावा लागतो (धुवायला म्हणून दोन लागतात). एक-एक ओळ कागदावर मागा. आणि "टाके उसवले किंवा पाणी साठलं तर परत ओटीत घेण्याचे पैसे वेगळे का?" हे विचाराच, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि रडतात मात्र इथंच. कर्नाटकात खासगी दवाखान्याची केपीएमई कायद्याखाली नोंदणी लागते आणि ते सर्टिफिकेट आणि दरपत्रक लोकांना दिसेल असं लावायचं असतं, म्हणजे दर विचारलात म्हणून वाईट वाटून घ्यायचं कुणाला कारण नाही.

"बिल नको असेल तर जीएसटी सोडतो, कॅश द्या" असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. एका ऑपरेशनसाठी दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला इन्कम टॅक्स कायद्यानं बंदी आहे, आणि बिल नसलं की उद्या काही झालं तर तुमचं ऑपरेशन तिथं झालं हे सिद्ध कशानं करणार?

५. साधं सरळ सांगा, मेडिक्लेममधून होतं की नाही?

दिसण्यासाठी असेल तर नाही. हे एका कंपनीचं नाही, सगळ्यांचं सारखंच आहे, कारण विमा नियामक आयआरडीएआयनं न मिळणाऱ्या गोष्टींची भाषा सगळ्यांसाठी एकसारखी करून दिलीय. तुमच्या पॉलिसीत "एक्सक्लूजन ०८" म्हणून सापडेल. त्यात म्हटलंय की रूप बदलण्यासाठीची कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी मिळणार नाही, अपवाद म्हणजे अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतर भाग परत उभा करणं, किंवा तब्येतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करायला ते ऑपरेशन गरजेचं असणं, आणि ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यायला पाहिजे.

सगळा खेळ "थेट आणि तातडीचा" या दोन शब्दांवर आहे. तुमच्या फाइलमधून ते दिसलं तर बोलता येतं, नाही दिसलं तर नाही.

पॉलिसी इंग्रजीत आहे आणि कळत नाही असं बरेच जण सांगतात. पॉलिसीबरोबर कस्टमर इन्फॉर्मेशन शीट नावाचा थोडक्यातला कागद येतो, तो स्थानिक भाषेत मागता येतो. कंपनीला ईमेल करून मागा, एजंटला तोंडी सांगून विसरू नका.

६. वजन कमी करायचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसतं म्हणे, मग त्यानंतरची लोंबती कातडी का नाही?

बेरिॲट्रिक सर्जरीचा नियम वेगळा आहे, एक्सक्लूजन ०६. वय १८ किंवा जास्त पाहिजे, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत लठ्ठपणामुळं झालेलं मोठं दुखणं: हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा औषधं घेऊनही आटोक्यात न येणारी टाइप २ शुगर, आणि आधी बाकीचे उपाय करूनही उपयोग झाला नाही असं. वर बऱ्याच पॉलिसीत त्यासाठी दोन-तीन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी काढल्यापासून तेवढा काळ त्याचा क्लेम मिळत नाही.

आता चाळीस-पन्नास किलो उतरले की पोटाची, दंडाची, मांडीची कातडी सैल होऊन लोंबते, ती व्यायामानं परत आत जात नाही. जी माणसं एवढं सोसून वजन उतरवतात त्यांना हा त्रास होतोच, तरी कंपनीच्या हिशेबात लठ्ठपणा हा आजार होता, तो बरा झाला, आणि कातडी हा दिसण्याचा प्रश्न. मला हे पटत नाही, पण नियम आज तसा आहे आणि पटत नाही म्हणून क्लेम पास होत नाही. वजन उतरवायच्या ऑपरेशनला जातानाच या दुसऱ्या खर्चाची तयारी मनात ठेवा. तो लगेच येत नाही, सर्जन साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला आणि वजन काही महिने एका जागी राहू द्यायला सांगतात, तेवढ्यात पैसे बाजूला टाकता येतात.

७. पोटाच्या घडीखाली सारखे चट्टे येतात, जखमा होतात, वास येतो. याला तरी मेडिकल कारण धरतील ना?

धरायला लावता येईल अशी ही एकच जागा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घडीखाली घाम साठतो, हवा लागत नाही, बुरशी होते, कातडी सोलते, शुगर असेल तर त्यात पू होऊन अंगभर इन्फेक्शन जाऊ शकतं. आपल्याकडच्या बायका काय करतात, मेडिकलमधून क्रीम आणतात, सुती फडकं घालून ठेवतात आणि दोन-तीन वर्षं तशीच काढतात, डॉक्टरला दाखवतच नाहीत. मग क्लेम घालताना हातात एक कागद नसतो. कंपनीला तुमचा त्रास दिसत नाही, फक्त कागद दिसतो.

म्हणून आजपासून सुरू करा. प्रत्येक वेळी त्रास झाला की कातडीच्या डॉक्टरला दाखवा, केसपेपरवर जागा, तारीख आणि औषध लिहून घ्या. फोटो काढा, तारखेसकट. पू झाला तर कल्चर रिपोर्ट (जंतू कुठला ते बघायची तपासणी) करा. शुगरचे रिपोर्ट ठेवा. इन्फेक्शनसाठी ॲडमिट झाला असाल तर तो डिस्चार्ज कार्ड सोन्यासारखा जपा, त्याच्याएवढा दुसरा पुरावा नाही. वजन स्थिर आहे हे दाखवायला दर महिन्याची नोंद. मग सर्जनच्या पत्रात "पेशंटला त्रास होतो" एवढंच नको. किती वेळा इन्फेक्शन झालं, काय औषधं देऊन झाली, ती का पुरेशी नाहीत, ऑपरेशन नाही केलं तर नेमका काय धोका आहे, हे पाहिजे. आणि ऑपरेशनचं नाव पॅनिक्युलेक्टॉमी, कारण टमी टक हा शब्द वाचला की पुढं कुणी वाचत नाही. हो, पण खरंच तेवढंच ऑपरेशन होणार असेल तरच तसं लिहायचं (प्रश्न ९).

हे सगळं ऑपरेशनच्या आधी कंपनीला ईमेलनं पाठवून लेखी उत्तर घ्या. एवढं करूनही बऱ्याचदा नाकारतात हे सांगायला मला जड जातं, पण खोटी आशा दाखवणार नाही. फाइल पक्की असली की निदान पुढं भांडता येतं (प्रश्न १९).

एक आणखी. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण सांगतात की घडी अमुक एवढी खाली आली आणि तीन महिने चट्टे राहिले की विमा मिळतो. तिथल्या कंपन्यांचे तसे लिहिलेले निकष असतात. आपल्याकडं असा मोजमापाचा नियम नाही, प्रश्न ५ मधलं वाक्य आहे फक्त.

८. दोन सिझेरियननंतर पोट सुटलंय आणि हर्नियापण आहे म्हणतात. एकाच वेळी दोन्ही केलं तर मेडिक्लेम मिळेल का?

हर्नियाचा भाग मिळू शकतो, पोट सपाट करायचा भाग नाही.

आधी नक्की हर्निया आहे का ते बघा. डिलिव्हरीनंतर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात, मधे फुगवटा दिसतो, त्याला डायस्टॅसिस म्हणतात. त्यात भोक नसतं, म्हणून तो हर्निया नाही आणि कंपन्या बहुतेक कॉस्मेटिकमध्येच धरतात. हर्नियात पोटाच्या भिंतीला खरंच भोक असतं आणि आतलं बाहेर येतं, सिझेरियनच्या जुन्या टाक्यातूनपण होतो. सोनोग्राफीत किंवा सीटीमध्ये कळतं.

हर्निया असेल तर पॉलिसीला २४ महिने झालेत का बघा, बहुतेक पॉलिसीत त्याला एवढा वेटिंग पिरियड असतो. मग हॉस्पिटलला दोन वेगळी एस्टिमेट करायला सांगा, हर्नियाचं एक आणि टमी टकचं एक, आणि प्रीऑथ (ऑपरेशनआधी कंपनीची मंजुरी मागायचा फॉर्म) पाठवताना दोन्ही होणार आहेत हे उघड सांगा. कंपनी हर्नियापुरते पैसे मंजूर करते, ओटी आणि भुलेच्या खर्चात वाटणी करते, बाकीचं तुमच्या खिशातून. मला हा सगळ्यात स्वच्छ मार्ग वाटतो.

९. डॉक्टरांना विनंती करून कागदावर फक्त हर्निया लिहून घेतलं तर? शेजारणीचं तसंच झालंय.

नका करू. हे कुणी ओळखीतलं विचारलं तरी मी हेच सांगते.

ओटी नोट्स असतात, भुलेचा चार्ट असतो, किती तास लागले ते असतं, कातडीचा किती मोठा तुकडा निघाला ते असतं, आणि कंपनीचा माणूस डिस्चार्जनंतर घरी येऊनसुद्धा चौकशी करू शकतो. खोटं सापडलं तर हा क्लेम तर जातोच, पॉलिसी रद्द होऊ शकते, म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्याला आणि पोरांच्या डेंग्यूला ज्या फॅमिली पॉलिसीचा आधार होता तीच गेली. आणि खरी भीती वेगळीच आहे, रात्री काही बिघडलं आणि दुसरीकडं हलवायची वेळ आली तर तिथला डॉक्टर कागद बघून उपचार करणार, त्या कागदावर जे झालंच नाही ते लिहिलेलं असणार.

१०. माझ्या १९ वर्षाच्या मुलाची छाती वाढलीय, कॉलेजला जायला लाजतो. हा आजारच ना?

गायनेकोमॅस्टिया म्हणतात याला, आणि त्याचा त्रास खरा आहे, चेष्टेवर नेऊ नका. वयात येताना बऱ्याच मुलांना होतं आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप उतरतं. नाही उतरलं तर आधी डॉक्टरकडून कारण शोधा: हार्मोनच्या तपासण्या, कुठली औषधं चालू आहेत का, आणि जिममध्ये कुणी इंजेक्शन-पावडर देतंय का, हे मुलाला एकट्याला विचारायला सांगा. क्लेमच्या बाबतीत कंपन्या बहुतेक कॉस्मेटिक म्हणून नाकारतात. गाठ दुखते, एकाच बाजूला आहे, सोनोग्राफीत ग्रंथीच वाढल्यात असं असेल तर प्रीऑथ पाठवून बघायला हरकत नाही, कागदपत्रं प्रश्न ७ सारखीच.

११. छाती फार जड आहे, मान-पाठ धरते, खांद्यावर वळ उठतात. आणि माझ्या बहिणीची कॅन्सरमध्ये छाती काढलीय, तिचं काय?

दोन्ही फार वेगळी प्रकरणं. बहिणीचं कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन हे प्रश्न ५ मधल्या अपवादात सरळ बसतं, तिला कुणी कॉस्मेटिक म्हणून परतवलं तर एक्सक्लूजन ०८ ची ओळ दाखवून लेखी कारण मागा. तुमचं छाती लहान करायचं ऑपरेशन मात्र अवघड आहे, पाठदुखी "तातडीचा धोका" नाही असं म्हणतात. हाडांच्या डॉक्टरांचे, फिजिओथेरपीचे जुने कागद जमवून प्रयत्न करता येतो.

१२. स्टोव्हच्या भडक्यात पोट-मांडी भाजली होती, आता कातडी ओढली गेलीय. हे कॉस्मेटिकच धरतात का?

नाही. भाजल्यानंतरचं आणि अपघातानंतरचं नीट करणं मिळतं, जीएसटीपण लागत नाही. फक्त भाजल्याच्या वेळचे कागद जोडा. घटना पॉलिसी काढायच्या आधीची असेल तर ती फॉर्ममध्ये सांगितलेली पाहिजे आणि आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड संपलेला पाहिजे, तो आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा ठेवता येतो.

१३. सरकारी कार्डावर होतं का? आमच्याकडं बीपीएल कार्ड आहे, यशस्विनीपण आहे आणि महाराष्ट्राची योजनापण लागू झालीय म्हणे.

सौंदर्यासाठीचं कुठल्याच कार्डावर नाही, हे आधीच सांगते म्हणजे हेलपाटे वाचतील.

बाकी माहिती असू दे. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत, आणि एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. यशस्विनी सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी आहे, म्हणजे सोसायटी किंवा डेअरीचे सभासद असलात तर, आणि तिथं ठरलेल्या ऑपरेशनांची यादी असते. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं म्हणाल तर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला, कर्नाटक सरकारनं त्याला आक्षेप घेतला, तो वाद तुम्हाला माहीतच आहे. आपलं गाव यादीत आहे का आणि कुठल्या हॉस्पिटलात चालतं हे जायच्या आधी फोन करून विचारा.

भाजलेल्यांची, कॅन्सरची ऑपरेशनं या योजनांत येतात, म्हणून प्रश्न ११ आणि १२ वाल्यांनी खिशातून खर्च करायच्या आधी इथं नक्की चौकशी करा.

१४. मिस्टर उद्यमबागला कारखान्यात आहेत, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे. त्यात सगळं मिळतं असं एचआर म्हणाले.

"सगळं" म्हणजे बहुतेक वेटिंग पिरियड नाही एवढंच. ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून हर्निया-डिलिव्हरी मिळू शकतं, त्यामुळं प्रश्न ८ मध्ये याचा खरा फायदा आहे. कॉस्मेटिक तिथंही वगळलेलंच असतं. एचआरकडून पॉलिसीची कॉपी मागून वाचा.

१५. पॉलिसीला पाच वर्षं पूर्ण झाली की कंपनी काहीच नाकारू शकत नाही ना?

हा गैरसमज फार पसरलाय. ६० महिने सलग झाले की "तुम्ही आधीचा आजार लपवला" असं म्हणून कंपनी क्लेम अडवू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर सोडून. पूर्वी हे ८ वर्षं होतं, २०२४ मध्ये ५ केलं. पण पॉलिसीत जे मुळातच वगळलंय ते वगळलेलंच राहतं, २० वर्षं झाली तरी टमी टक मिळणार नाही.

१६. पॉलिसी चंदगडच्या माहेरच्या पत्त्यावर आहे, ऑपरेशन बेळगावात करायचंय. राज्य बदललं तर चालतं का?

चालतं, खासगी मेडिक्लेम भारतभर चालतो. दोन गोष्टी बघा. एक, ते हॉस्पिटल कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का. दोन, काही पॉलिसीत शहरांचे झोन असतात, लहान गावाचा प्रीमियम कमी असतो, आणि मोठ्या शहरात उपचार घेतला तर बिलाचे काही टक्के स्वतः भरावे लागतात. चंदगडहून बेळगावला आलात तर सहसा प्रश्न येत नाही, मुंबईला गेलात तर येऊ शकतो. पत्ता बदललाय हे कंपनीला कळवून टाका.

१७. ऑपरेशन स्वतःच्या पैशानं केलं, नंतर इन्फेक्शन झालं. निदान त्याचं तरी मेडिक्लेम देईल?

बऱ्याच पॉलिसीत वगळलेल्या उपचारातून झालेला त्रासपण वगळलेला असतो, म्हणून त्यावर विसंबून राहू नका. मी तर सांगते की ऑपरेशनच्या खर्चाच्या वर निदान ३०-४० हजार वेगळे ठेवल्याशिवाय तारीखच घेऊ नका. पाणी साठणं, टाके उसवणं, कातडीचा कडेचा भाग काळा पडणं हे नेहमीचे त्रास आहेत, पायात गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं क्वचित पण जीवावरचं.

आणि हे निपाणी-चिकोडीकडच्या सगळ्यांना कळकळीनं सांगते: तंबाखू, सिगारेट, विडी आणि मिश्रीसुद्धा, सर्जनला सांगा. आपल्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि "व्यसन आहे का" विचारलं की नाही म्हणतात, कारण मिश्री म्हणजे व्यसन असं वाटतच नाही. निकोटीननं रक्तवाहिन्या आवळतात, टाक्याला रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, निदान एवढं तरी.

१८. डॉक्टर खरा आहे हे कसं ओळखायचं? इन्स्टावर ऑफर बघितली, तिथंच ईएमआयपण देतात.

एमसीएच किंवा डीएनबी, पुढं प्लास्टिक सर्जरी असं लिहिलेलं पाहिजे, "कॉस्मेटिक एक्स्पर्ट" ही डिग्री नाही. डॉक्टरांचा नोंदणी नंबर राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासता येतो. भूल द्यायला वेगळा भूलतज्ज्ञ आहे का, रात्री कोण थांबणार, आयसीयू आहे का किंवा किती लांब आहे, हे विचारा. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत २१ वर्षांच्या एका टीव्ही अभिनेत्रीचा खासगी क्लिनिकमध्ये चरबी काढायच्या ऑपरेशननंतर जीव गेला, त्यामुळं आयसीयूचा प्रश्न विचारायला लाजू नका.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल तर मराठीत समजावून सांगितल्याशिवाय सही करायची नाही, तो तुमचा हक्क आहे.

ईएमआयचं म्हणाल तर "नो कॉस्ट" मध्ये प्रोसेसिंग फी किती आणि रोख भरलं तर दर कमी होतो का हे विचारा, म्हणजे व्याज कुठं लपलंय कळेल. सोनं ठेवून किंवा पतसंस्थेतून काढून हे ऑपरेशन करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, एक-दोन वर्षं भिशी लावून करा, कातडी तोवर कुठं जात नाही.

१९. क्लेम नाकारला. आता बेंगळुरूला तक्रार करायची की पुण्याला?

आधी कंपनीकडंच. नाकारल्याचं पत्र घ्या, त्यात पॉलिसीचं कुठलं कलम लावलं ते लिहिलेलं असायला पाहिजे, नुसतं "नॉट पेएबल" चालत नाही, आणि २०२४ पासून कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका, फोन नंबर १५५२५५.

महिन्याभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखापर्यंतची प्रकरणं घेतात, कंपनीनं अंतिम नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. आता आपल्या भागाचा प्रश्न: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथं राहणाऱ्यांना बेंगळुरूचं ऑफिस, चंदगड, आजरा, गडहिंग्लजवाल्यांना पुण्याचं. ऑपरेशन कुठल्या राज्यात झालं याला महत्त्व नाही, तुम्ही राहता कुठं किंवा ज्या शाखेविरुद्ध तक्रार आहे ती कुठं यावर ठरतं. म्हणजे बेळगावात राहणाऱ्या पण कोल्हापूरच्या शाखेतून पॉलिसी काढलेल्या माणसाला दोन्ही दारं उघडी आहेत, पुण्याला मराठीत बोलणं सोपं जाईल असं वाटत असेल तर तिथं जा. तक्रार ऑनलाइन भरता येते, फाइलच्या सगळ्या कागदांचे स्कॅन आधी करून ठेवा, मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका.